तीन सडांचं दूध

थोरली म्हैस धार काढताना मागचा पाय आपटायला लागली की मी अजूनही धार थांबवते. बहुतेक वेळा नुसती गोमाशी असते. तरी मी किटली बाजूला सारते, कास गरम लागते का बघते, कुठे घट्ट गाठ लागते का चाचपते, पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर काढून उजेडात धरते. सासरे खळ्यातून ओरडतात, “पुरे गो, तिला पण कंटाळा आला.” त्यांचं खरं आहे. पण मला राहवत नाही.

हेदवीहून वेळणेश्वरला जाताना वर कातळावर आमची वाडी आहे. नवरा मुंबईला बस चालवतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घरी मी, सासरे आणि दोन म्हशी. थोरली आणि धाकटी, एवढंच आम्ही त्यांना म्हणतो. सकाळी दोघींच्या धारा काढायच्या, दूध एकत्र गाळायचं, स्कूटीला दोन किटल्या अडकवायच्या आणि उतार उतरून वेळणेश्वरपर्यंत घरं करत जायचं. शेवटचं घर काकूंचं. समुद्राच्या वाटेवर त्यांची घरगुती खाणावळ आहे. देवळात येणारी माणसं दुपारी त्यांच्याकडे जेवतात. सगळ्यात जास्त दूध त्यांचं, कारण त्यांच्या ताटात दही असायचंच. चमच्याने वडी कापावी तसं दही. पाहुणे नाव काढायचे, आणि काकू सांगायच्या, “दूध वरच्या वाडीतल्या म्हशीचं आहे हो.” ते ऐकायला मला आवडायचं.

त्या वर्षी गणपती गेले आणि थोरलीला दगडी झाली. कास सगळीच सुजली, दगडासारखी घट्ट. हात लावू देईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम नव्या होत्या, साताऱ्याकडच्या. आपल्या गाडीवरून आल्या, पांढरं इंजेक्शन दिलं.

इंजेक्शनांना आमच्या वाडीत नावं नाहीत, रंग आहेत. पांढरं सुजेवर आणि पुवावर. पिवळं तापावर, ते उष्ण पडतं म्हणून नंतर जनावराला ताक पाजायचं. लाल ताकदीचं. औषध कुठलं, जंतू कुठले, हे कुणी विचारत नाही. जनावर उठून वैरण खायला लागलं की औषध चांगलं, आणि देणारा माणूसही चांगला. मीही यापलीकडे कधी गेले नव्हते. बारावी झालेली असून.

मॅडम दोन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचं दुसऱ्या गावात लसीकरण होतं. मी धीट आहे हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मानेवर सुई कुठे टोचायची ते दाखवलं आणि एक बाटली माझ्या हातात दिली.

“ताई, बरं वाटलं तरी तिसरं चुकवायचं नाही. आणि त्यानंतर चार दिवस हिचं दूध कुणाला द्यायचं नाही. घरात नाही, वासराला पण नाही.”

“हो मॅडम.”

दूध मी फेकलं. माडाच्या आळ्यात ओतताना जीव कळवळायचा, पण फेकलं. तिसरं इंजेक्शन मात्र दिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीच कास मऊ पडली होती, थोरली रवंथ करत बसली होती. सासरे म्हणाले, “बरी झाली ना? मग परत कशाला टोचतेस?” मलाही तसंच वाटलं. ती बाटली मी फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली. अडीअडचणीला होईल. यात काही चूक आहे असं मनात आलं नाही. उलट आपण हुशारीने वागलो असंच वाटलं.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या. वेळणेश्वरला गाड्यांची रांग, काकूंकडे दोन-दोन पंगती. “उद्यापासून जास्त दूध लागेल गो, बाकीची घरं जरा सांभाळून घे,” असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात एका सकाळी थोरलीने पाय आपटला. मागचा डावा सड गरम. फडक्यावर धार काढली तर दुधात बारीक कण.

मी फोन हातात घेतला. मॅडमचा नंबर लावायच्या आधी विचार आला की त्या येतील आणि आठवडाभर दूध फेकायला सांगतील. फोन परत फळीवर ठेवला.

मग मी फ्रिजमधली बाटली काढली. अर्धी दिली, अर्धी दुसऱ्या दिवसाला ठेवली. पुरवून वापरायची, म्हणजे जास्त दिवस औषध पोटात राहील, असा माझा हिशेब. पेंड आणायला चिपळूणला गेले तेव्हा रिकामी बाटली एका दुकानात दाखवली. दुकानदाराने ती उलटी करून पाहिली आणि तशीच दुसरी काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही. त्याने विचारलं असतं तर मला रागच आला असता.

दुधाचं काय करायचं, याचा मी विचार केला होता. केलाच नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. पहिल्या वेळी सगळी कास सुजली होती, म्हणून सगळं दूध फेकायचं. आता एकच सड बिघडलाय, तर त्या एका सडाचं फेकायचं. बाकी तीन सडांचं दूध पांढरंशुभ्र होतं, कण नाहीत, वास नाही. औषध दुखणाऱ्या जागी जातं, निरोग्या जागी ते कशाला जाईल? आजही मला माझं ते बोलणं ऐकू येतं. किती पटण्यासारखं वाटत होतं.

डाव्या सडाचं मी वेगळ्या तांब्यात काढून फेकायचे. तीन सडांचं धाकटीच्या दुधात जायचं.

दुसऱ्या दिवशी काकू ओट्यावरच उभ्या होत्या.

“काल दूध तापवलं होतंस का गो?”

“नाही. रोजच्यासारखंच आणलं.”

“दही लागलं नाही. पाणीच पाणी.”

“थंडी पडलीय काकू. झाकून ठेवा जरा.”

त्यांनी झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की शेजारून विरजण आणून लावलं, तरी नाही. चौथ्या दिवशी मी किटली उतरवली तर त्यांनी भांडं पुढे केलं नाही.

“खरं सांग, पाणी घातलंस का? सीझन आहे, समजू शकते मी.”

माझा तोल गेला. “एक थेंब पाणी घातलं असेल तर माझ्या म्हशी आटून जातील! इतक्या वर्षांत कधी बोललात का असं?” आतले पाहुणे वळून बघायला लागले. काकू वरमल्या. भांडं पुढे केलं. मी दूध मोजून दिलं आणि तडक निघाले.

पहिल्या वळणावर मी स्कूटी थांबवली. पाणी मी घातलं नव्हतं, हे खरं होतं. मग मी एवढी का ओरडले? “हिचं दूध कुणाला द्यायचं नाही.” हिचं. मॅडम सडाचं बोलल्या नव्हत्या. म्हशीचं बोलल्या होत्या.

घरी आल्यावर मला बसवेना. अंगण झाडलं, परत झाडलं. संध्याकाळी धारा काढल्या तेव्हा दोन वाट्या घेतल्या. एकीत धाकटीचं दूध, दुसरीत थोरलीचं, तीन निरोग्या सडांचं. दोन्हींत सारखंच विरजण घातलं आणि चुलीजवळ ठेवलं. सासऱ्यांनी विचारलं काय चाललंय, मी काही नाही म्हटलं.

सकाळी धाकटीची वाटी तिरपी केली तर दही हललं नाही. थोरलीच्या वाटीत दूध होतं. कोमट, किंचित वासाचं, सरळ वाहणारं दूध. मी ते बोटाने ढवळून पाहिलं, मग परत एकदा. ज्याने कासेतले जंतू मारले, त्यानेच दह्याचं विरजण मारलं होतं. म्हणजे ते दुधात होतं. चार दिवस ते मी घराघरांत पोचवलं होतं.

त्या दिवशी फक्त धाकटीचं दूध घेऊन गेले. काकूंना अर्धंच मिळालं.

“थोरली आटली काकू,” मी म्हणाले. मी हे बोलणार आहे, हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी काकू हसतमुखाने बाहेर आल्या. “लागलं बघ दही! दगडासारखं. मी म्हणत होते ना, तुझ्या दुधात काही नव्हतं. उगीच तुला बोलले मी.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “घरातलंच होतं. आमची सून त्या चार दिवसांत बाजूला बसत नाही. सांगून सांगून थकले. तीच विरजण लावायची. परवापासून मी माझ्या हाताने लावते, तर लागलं.”

मी किटलीचं झाकण लावत होते. ते नीट बसेना.

“कुठे आहे सूनबाई?”

“गेली माहेरी चिपळूणला. मी चार शब्द बोलले, पाहुण्यांसमोर बोलले, ते तिला लागले. ऐन गर्दीत बॅग भरली आणि गेली. जाऊ दे.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि स्कूटीला किक मारली. बटणाची स्कूटी आहे माझी, तरी किक मारली.

काकूंची सून मला चांगली माहीत होती. कॉलेज झालेली, हसरी. दूध घ्यायला ती आली की पावसाळ्यात रेनकोट काढायला लावून मला चहा पाजायची. त्या आठवड्यात रोज मी त्या ओट्यावर जायचे आणि ती माहेराहून परतली नसली की सुटल्यासारखं वाटायचं, मग त्याचीच लाज वाटायची. घरी आले की एका जागी थांबता यायचं नाही. विहिरीवर जायचे, कशाला आले ते विसरायचे. नवऱ्याचा फोन आला तर सगळं बरं आहे म्हणायचे.

थोरली त्या अर्ध्या-अर्ध्या बाटल्यांनी बरी झाल्यासारखी झाली होती. जानेवारी अर्धा होत आला आणि तिसऱ्यांदा तोच सड सुजला. आता दुधाऐवजी पिवळट पाणी येत होतं आणि थोरलीने आंबोणाला तोंड लावलं नाही. मी घाबरून पांढरं दिलं, या वेळी पूर्ण बाटली. फरक नाही. दुसऱ्या दिवशी परत दिलं. कान थंड, अंगात कापरं. तेव्हा मी मॅडमना फोन केला.

त्यांनी थर्मामीटर लावलं, कास पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आधी काय दिलंय?”

“पांढरं.”

“कधीपासून?”

मी सगळं सांगितलं. न दिलेली बाटली, फ्रिज, अर्धं-अर्धं, चिपळूण. सांगताना मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि हातमोजे काढले.

“ताई, पहिल्या दोन दिवसांत जे जंतू मरायचे ते मेले. चिवट होते ते उरले. तिसरं इंजेक्शन त्यांच्यासाठी होतं. ते तुम्ही लोणच्याशेजारी ठेवलंत. मग त्यांनाच थोडं थोडं देत राहिलात. आता ते याला दाद देत नाहीत.”

“आणि मॅडम, औषध चारही सडांत जातं का?”

“मानेत दिलेलं रक्तात जातं. चारही सडांना रक्त एकच.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “ते दूध कुठे गेलं?”

मी किटली विसळायला घेतली. त्यांनी परत विचारलं नाही.

सड स्पिरिटने पुसून त्यांनी एका छोट्या बाटलीत नमुना घेतला आणि बर्फाच्या डब्यातून तपासणीला पाठवला. तोवर तापाचं दुसरं औषध दिलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पांढरं लागू नव्हतं, पिवळंही नव्हतं. एक तिसरं होतं, ते पाच दिवस द्यायचं होतं. पाचही दिवस त्या स्वतः आल्या. थोरली वाचली. तो सड बाद झाला. आत गाठ होऊन तो आक्रसला आणि त्यातून परत कधी दूध आलं नाही.

मॅडम शेवटचं इंजेक्शन देऊन गेल्या त्याच दिवशी दुपारी मी वेळणेश्वरला गेले. दूध न घेता. जेवणाच्या पंगती उरकल्या होत्या. काकू मागच्या पडवीत सुपारी कातरत होत्या आणि सून परत आली होती. दोरीवर टॉवेल वाळत घालत होती. ती असेल असं मी धरलं नव्हतं. मागे फिरावंसं वाटलं.

“ये गो. या वेळेला कशी?”

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर बोलणं झालं नसतं. थोरली आटली नव्हती, आजारी होती. तिला औषध चालू होतं आणि तिचं दूध मी तुम्हाला दिलं. त्या औषधाने दही लागत नाही. दोन वाट्या लावून पाहिल्या.

काकूंचा अडकित्ता थांबला. “औषधाने दही लागत नाही? कोण म्हणालं?”

“मी स्वतः बघितलं, काकू. मॅडमनाही विचारलं. विरजणातले जीव मरतात त्याने.”

“आम्ही म्हशींना औषध दिलेलं कधी ऐकलं नाही की काय? आमच्याकडे पण होत्या गाई.” त्यांना ते मान्य करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मान्य केलं तर पुढचंही मान्य करावं लागलं असतं.

सूनबाई टॉवेल तसाच हातात धरून उभी होती.

“तुम्हाला हे कधी कळलं, ताई?”

“पाचव्या दिवशी सकाळी.”

“मी सहाव्या दिवशी गेले.”

नंतर कितीतरी वाक्यं सुचली, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. तिने टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि आत गेली. काकूंनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी तिला सगळ्यांसमोर बोलले गो,” एवढंच म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच म्हटल्यासारखं.

मी निघताना त्यांनी सांगितलं, “उद्यापासून धाकटीचं वेगळ्या किटलीत आण. थोरलीचं मला नको.” मी बरं म्हटलं. बाकीच्या घरीही मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. दोघांनी दूध बंद केलं. एक आजोबा म्हणाले, “मग आम्हाला फुकटात औषध पाजलंस की!” आणि ते हसले. मला हसता आलं नाही.

काकूंकडे विरजण आता परत सून लावते, हे मला तिच्याकडून नाही, काकूंकडून कळलं. ती दूध घ्यायला येते, भांडं धरते, पैसे देते. रेनकोट काढायला सांगत नाही. तिचं तिच्या जागी बरोबर आहे.

मी आता दोन किटल्या वेगळ्या ठेवते. कॅलेंडरवर इंजेक्शनाचा दिवस लिहिते आणि दूध परत सुरू करायच्या दिवसाभोवती गोल काढते. उरलेलं औषध घरात ठेवत नाही. असं सगळं नीट केल्यावर माणसाला स्वस्थ वाटायला हवं.

या शिमग्याच्या आधी शेजारची चुलत जाऊ आली. तिच्या चार शेळ्या आहेत. एक शेळी खोकत होती, नाकातून शेंबूड गळत होता.

“तुज्याकडे ती पांढरी बाटली असल ना? अर्धी दे. काल पोरांच्या दोन कॅप्सुला फोडून पाजल्या, काय उपेग नाय.”

“नाही वयनी. मी ठेवत नाही आता. आणि अंदाजाने देऊ पण नका. मॅडमना बोलावू.”

मी तिच्यासमोरच फोन लावला. मॅडम लांब होत्या, उद्या सकाळी येते म्हणाल्या. जाऊने माझ्याकडे बघितलं. “म्हंजे तू देनार नाय.” मी तिला समजावायला लागले, थोरलीचं सांगितलं, सडाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून येणाऱ्या खोकल्याकडे होतं. मलाही तो ऐकू येत होता.

सकाळी मॅडम आल्या तेव्हा शेळी मेलेली होती. त्यांनी तपासलं, बाकीच्या तिघींना काय द्यायचं ते दिलं, वेगळं बांधायला सांगितलं. जाताना मला म्हणाल्या की हा आजार त्या पांढऱ्या इंजेक्शनने बहुतेक बरा झाला नसता. बहुतेक, असंच म्हणाल्या. मी ते जाऊला जाऊन सांगितलं. ती गोठ्यात राख पसरत होती. मान वर न करता म्हणाली, “तुजी म्हस वाचली ना? मग झाला.”

तिच्या तीन शेळ्या ठीक आहेत. आमच्या गडग्याला लागूनच चरतात. मी धारा काढायला बसले की त्यांच्यातली एखादी शिंकते, आणि मी हात थांबवून ऐकत राहते.